बावड्यातली वीस मिनिटं

नवरदेवाची मिरवणूक गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा जोतीराम रस्त्यात आडवा उभा होता. दोन्ही हात पसरलेले. त्याच्यामागं कसबा बावड्यातली एक अख्खी गल्ली जिवंत असूनही गप्प होती.

"वाजप बंद करा," तो म्हणाला. "लेकीची मुलाखत चाललीया. स्पेनची."

बेंजो थांबला, हलगी थांबली. नाचणारी पोरं थांबली नाहीत, कारण त्यांचा आणि वाजपाचा संबंध मागच्या चौकातच सुटला होता.

नवरदेवाचे मामा अमरसिंह फेटा सावरत पुढं आले. "पावणं, मारुतीला जाऊन परत मांडवात यायचं हाय. सहा वीसचा मुहूर्त हाय. बोलायचं तर दार लावून बोलायचं की."

"दार लावलंयच. आत लॅपटॉपवर तिकडचे तीन प्रोफेसर बसल्यात. वर्षभर शिकाय न्यायचं का न्हाय, वीस मिनिटांत ठरवणार. सगळा खर्च त्यांचा. पुण्यात एम.ए. करतीया पोरगी, स्पॅनिशमधी."

"आणि तिथं काय शिकणार?"

"नाटकं. चारशे वर्सांपूर्वीची. घरांच्या मधल्या चौकात व्हायची म्हनं. लोकं खाली उभं ऱ्हाऊन आरडायची, भाजीपाला फेकून मारायची."

अमरसिंहांनी विचार केला. "त्याला स्पेनला कशाला जायाला पायजे?"

पण शिक्षणाचं काम होतं. मिरवणूक बिनआवाजाची न्यायचं ठरलं. "आमची सुपारी वाजवायची हाय, चालायची न्हाय," असं बेंजो मास्तर म्हणाला, त्याला समजावलं. काँक्रीटवर टापा वाजतील म्हणून घोडी कोपऱ्यावर ठेवली आणि नवरदेव पायी निघाला. करवल्यांनी पैंजण काढून मुठीत धरले. दीडशे माणसं चोरीला निघाल्यासारखी चवड्यांवर पुढं सरकू लागली.

जोतीरामचा ऊर भरून आला. सकाळी त्यानं दोन्ही म्हशी मेव्हण्याच्या रानात नेऊन बांधल्या होत्या. तीन घरांतले कुकर आणि शेजारची पिठाची गिरणी हातापाया पडून बंद ठेवली होती. बावड्यात एवढी शांतता आजवर कुणी ऐकली नव्हती.

मिरवणूक त्याच्या घराच्या खिडकीसमोर पोचली आणि सगळ्यांना एकदमच कळलं, की आतूनही आवाज येत नाही.

खिडकीतून त्याच्या लेकीची, स्वप्नालीची, पाठ दिसत होती. लॅपटॉपच्या पडद्यावर तीन गोरी तोंडं वाट बघत होती. तिनं दोन शब्द काढले. थांबली. आणखी एक काढला, तो परत गिळला. दीडशे माणसांनी ते गिळणं ऐकलं.

"अडकली," कुणीतरी कुजबुजलं.

जोतीराम खिडकीजवळ सरकला. ही पोरगी कधी अडकत नव्हती. ह्याच खोलीत, पलीकडं गिरणी धडधडत असताना, तिनं पहिल्यांदा ऑनलाईन स्पॅनिश शिकायला घेतलं होतं. गिरणीच्या वर आवाज काढून, म्हशींच्या वर आवाज काढून तिनं ती सगळी भाषा पाठ केली होती. त्यानं पोरीला जमेल ते सगळं दिलं होतं, शांतता तेवढी कधी दिली नव्हती. ती नेमकी आज दिली.

तो बेंजो मास्तरकडं वळला. "वाजीव."

"आँ?"

"वाजीव म्हणतोय न्हवं? हलगी पन. जोरात."

मास्तरनं अमरसिंहांकडं बघितलं. अमरसिंहांनी जोतीरामकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. "अरं बघतोस काय? पोरीचा बाप म्हणतोय, वाजीव की!"

हलगी कडाडली. खिडकीची काच थरथरली. पडद्यावरचे तिघं दचकून मागं सरले. स्वप्नालीनं ओढणी खांद्यामागं टाकली, खुर्ची पुढं ओढली, आणि पुढच्या गल्लीतल्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात ती सुरू झाली. वाक्यामागून वाक्य, हात हवेत. पडद्यावरच्या एकानं काहीतरी विचारायला घेतलं, तर तिनं ते अर्ध्यातच पकडून उत्तर दिलं. दुसरा हसला. मधल्या बाईंनी वही ओढली आणि त्या भराभर लिहू लागल्या. हलगीवाला चढला. स्वप्नाली त्याच्याही वर गेली.

नवरदेवाची आजी गर्दीतून वाट काढत, कानामागं हात धरून पुढं आली.

"कोन गं बाई ही? कुनासंगं भांडाय लागलीया एवढी?"

जोतीरामनं टोपी सरळ केली.

"स्पेनसंगं," तो म्हणाला. "माझी लेक हाय ती."