चौदा जणींचं घड्याळ

पंढरी पोस्टमनची सायकल माळाच्या चढावर दिसली, तसा सरजाबाईनं हातोडा खाली ठेवला. तिच्याबरोबर खडी फोडणाऱ्या तेरा बायकांचेही हात थांबले.

"आज तरी हाय का रे बाबा?" तिनं लांबूनच विचारलं.

सतरा दिवस ती हेच विचारत होती. मुंबईच्या कंपनीला मनीऑर्डर पोचल्याची पावती आली, पण घड्याळाचा पत्ता नव्हता. मागवताना तिचा दीर व्यंकट यानं सवयीनं जिल्हा उस्मानाबाद लिहिला होता. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. जुनं नाव हातातून जात नव्हतं. त्या एका शब्दापायी पार्सल कुठं पडून राहिलं असेल, या विचारानं सरजाबाईला झोप नव्हती. तिनं पायातले चांदीचे वाळे मोडले होते. त्या वाळ्यांचं तिला काही नव्हतं. पण बाकीच्या तेरा जणींनी नुसत्या तिच्या शब्दावर पदराची गाठ सोडली होती.

घड्याळ हवं होतं ते टँकरसाठी. रोज पाचला टँकर गावात यायचा आणि अर्ध्या तासात तळाचा गाळ उरायचा. दुष्काळी कामाची सुट्टीही पाचचीच. पण माळावर घड्याळ एकच, निवृत्ती मुकादमाच्या मनगटावर, आणि त्यात पाच कधी वेळेवर वाजत नसत. पाचनंतर फुटलेली खडी कोणाच्या ट्रकमध्ये जाते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा सरजाबाईनं बाभळीची सावली दाखवून भांडण काढलं, तेव्हा मुकादम हसून म्हणाला होता, "बाई, सावलीवर सरकार चालत न्हाई. घड्याळ असंल तर दाखव."

पंढरीनं पिशवीतून कापडात शिवलेलं, लाखेचे शिक्के मारलेलं पार्सल काढलं. "घ्या. नव्या जिल्ह्याच्या नादात लई फिरून आलंय बिचारं. व्यंकट, सही कर."

व्यंकट सातवी पास. त्या सगळ्यांत घड्याळ वाचता येणारा तो एकटाच, म्हणून ते त्याच्या मनगटावर बांधायचं ठरलं होतं. त्यानं दातानं दोरा तोडला. घड्याळ निघालं, पण काटे जागच्या जागी.

"मेलं का काय गं वाटंतच?" पंचफुला म्हणाली.

"चावी द्यावी लागती, मावशे." व्यंकटनं चावी दिली आणि घड्याळ एकेकीच्या कानाला लावलं.

"जित्तं हाय की गं!" म्हातारी भामाबाई ओरडली. बायका किती दिवसांनी हसल्या.

"आता हे मिळवायचं कुणाच्या घड्याळाशी?" व्यंकटनं मुकादमाच्या तंबूकडं पाहिलं.

"तिकडं बिलकुल जायचं न्हाई," सरजाबाई म्हणाली. "फाट्यावरच्या हाटेलात रेडिओ हाय. त्याच्यावर लावून ये. पळ."

तो पळाला. घामाघूम होऊन परत आला. "बरोब्बर लावलंय, वैनी. एका मिनिटाचा फरक न्हाई. आज मुकादमाचं पितळ उघडं पडतंय बघ."

तेवढ्यात तंबूतून हाक आली. "ओ व्यंकटराव! आम्हाला बी बघू द्या की नवं घड्याळ."

व्यंकटराव असं त्याला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. त्यानं कपाळाचा घाम पुसला, केस सारखे केले आणि तो गेला.

बायका जोरानं खडी फोडू लागल्या. तंबूत चहा गेला. आतून हसणं ऐकू आलं. 'दाखवायलाय वाटतं त्याला,' सरजाबाईला वाटलं. तिचा हातोडा आज हलका झाला होता.

ऊन कललं. सडकेवर धूळ उठली. टँकर गावाकडं निघाला होता. चौदा जणी एकदम उठल्या, घमेली उचलली.

"व्यंकट! वाजले न्हवं पाच?"

तो तंबूच्या दाराशी आला. काखेत हजेरीचं पुस्तक, कानावर पेन्सिल. त्यानं आधी मुकादमाकडं पाहिलं, मग मनगटाकडं.

"साडेचार. अजून अर्धा तास हाय," तो म्हणाला. "टँकर आज लवकर आला असंल."

"नीट बघ, बाबा."

"नीटच बघायलोय." त्यानं मनगट तिच्यापुढं केलं. "खोटं वाटत असंल तर तूच बघ की, वैनी."

सरजाबाईनं पाहिलं. बारीक काटा भराभर फिरत होता, दोन जाड काटे उगी होते. कुठला काटा कुठं आला म्हणजे पाच वाजतात, ते तिला कळत नव्हतं. आणि कळत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

गावाकडून घागरी-हंड्यांचा कल्ला ऐकू येऊ लागला.

"आता तर तुमचंच घड्याळ हाय, बाई," मुकादम आतूनच म्हणाला. "त्याला तरी माना."

व्यंकटकडं कोणीच बघत नव्हतं. तेराही जणी सरजाबाईकडं बघत होत्या.

पंचफुला परत खडीच्या ढिगावर जाऊन बसली.

"या घड्याळापायी म्या कोंबडा इकला," ती हातोडा चाचपत म्हणाली. "दोन सालं आरवला, पर एकदा बी खोटं आरवला न्हाई गं."

व्यंकटनं हात मागं घेतला आणि सदऱ्याची बाही घड्याळावर ओढली.