गळ्यातली पाटी

जागतिक सौंदर्यस्पर्धेत पाचजणी उरल्या होत्या, आणि त्यांत गावची मारिवेल होती.

तिकडे, स्पर्धेच्या देशात, रात्र होती. इथे सामार बेटाच्या किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजले होते. मासळी बाजार बंद ठेवून सगळं गाव बास्केटबॉलच्या मैदानात, छपराखाली, मोठ्या पडद्यासमोर बसलं होतं.

मॅम दोराय यांनी चौथीचा वर्गच इथे आणला होता. कोणत्या साली आपल्या देशाची कोण मुलगी जगात कितवी आली, हे या पोरांना पाढ्यांसारखं पाठ. त्यांना आज शाळेत कोंडून काय उपयोग? मात्र मैदानात आला तरी वर्ग तो वर्ग. वर्गात बोलायचं ते इंग्रजीत. जो घरची वराय भाषा बोलेल त्याच्या गळ्यात लाकडी पाटी. मग दुसरं कोणी बोलताना सापडलं की पाटी त्याच्या गळ्यात. आज ती छोट्या लिगायाच्या गळ्यात होती.

चौथीत असताना मारिवेलने हीच पाटी नऊ दिवस घातली होती. आजूबाजूची पोरं बोलायची, ती ऐकायची, पण एकाचंही नाव सांगायची नाही. मॅमना तो हट्ट वाटला होता. यंदा तिची इंग्रजी उत्तरं मॅमनीच तीन महिने घोटून घेतली. उत्तरं यायची, पण तोंड उघडण्याआधी तिचा हात दर वेळी छातीवर जायचा, तिथे काहीतरी लोंबत असल्यासारखा. मॅमनी ते पाहिलं होतं. विचारलं नव्हतं.

मारिवेल निळ्या झग्यात पुढे आली, तशी केस कापणारी गिगी खुर्चीवर चढली.

“पाठ, गं, पाठ! हां, अश्शी! बांबूच्या ओल्या धक्क्यावर उंच टाचांत चालवलंय मी हिला. त्या काचेच्या फरशीवर काय पडतेय!”

“तू आधी खुर्चीवरून पडू नकोस,” मारिवेलची आई इस्यांग म्हणाली. तिच्या हातांना सुक्या मासळीचा वास होता.

निवेदिकेने प्रश्न विचारला.

“काय विचारलं, मॅम?” इस्यांगने हळूच विचारलं. दर वर्षी ती हेच विचारायची.

मॅम तिच्या कानाशी वाकल्या. कानात वरायमध्ये सांगितलेलं नियमात धरायचं नाही, एवढी सवलत त्यांनी स्वतःपुरती ठेवली होती. “विचारतात, तुझ्या गावाकडून जगाने काय शिकावं. तीस सेकंद आहेत.”

मारिवेलचा हात छातीवर गेला आणि तिथेच राहिला.

पाच सेकंद गेले. आठ.

“मॅम, ती बोलत का नाही?” इस्यांगने विचारलं.

मॅम दोराय उठून उभ्या राहिल्या आणि शुद्ध वरायमध्ये ओरडल्या, “बोल गं, माझे बाई! काहीही बोल, पण बोल!”

पडद्यावर मारिवेलचा हात खाली आला. ती निवेदिकेला काहीतरी म्हणाली, आणि रंगमंचाच्या कडेने एक बाई माइक घेऊन तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“दुभाषी?” गिगीने कपाळावर हात मारला. “आपल्या मुली कधी दुभाषी घेतात का? अगं ए, इंग्रजी येतं ना तुला! गेला, मुकुट गेला!”

दुभाषी आयत्या वेळी मिळत नाही, हे मॅमना ठाऊक होतं. म्हणजे पोरीने हे आधीच ठरवलं होतं, कोणालाही न सांगता.

मारिवेल वरायमध्ये बोलू लागली. धक्क्यावर बोलावं तसं.

“आमच्याकडे होड्या परत येतात तेव्हा मासळी किती मिळाली, असं कोणी विचारत नाही. आधी होड्या मोजतात. एक जरी कमी असली, तरी भरलेल्या टोपल्या तशाच ठेवून सगळे पुन्हा समुद्रात जातात. माझे वडील एकदा असे परत आले, कारण इतर सगळे त्यांना शोधायला गेले होते. जगाने एवढंच शिकावं. आधी होड्या मोजा. मग मासळी.”

एका म्हाताऱ्या कोळ्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. गिगी खुर्चीवरून उतरली आणि खाली बसली. इतकी वर्षं इतक्या मुली त्या रंगमंचावर बोलल्या, त्यांच्यासाठी गावाने टाळ्या वाजवल्या. पण आज पहिल्यांदाच तिकडून कोणी या मैदानाशी बोललं होतं.

मॅम सवयीने इस्यांगच्या कानाशी वाकल्या. इस्यांगने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्यावर आता ती बाई मारिवेलचं उत्तर इंग्रजीत सांगत होती.

“बघा, मॅम,” इस्यांग म्हणाली, “आज त्यांना समजावून सांगावं लागतंय.”

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. त्या गोंगाटातून लिगाया वाट काढत आली आणि मॅमसमोर उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते.

“मॅम,” ती इंग्रजीत, एकेक शब्द जपून म्हणाली, “तुम्ही वराय बोललात. मघाशी. मी ऐकलं.”

तिने पाटी गळ्यातून काढून दोन्ही हातांत धरली होती. पुढच्या रांगेतली पोरं माना वळवून बघू लागली. “ए, वेडी!” कोणीतरी कुजबुजलं.

मॅम दोराय यांनी पाटीकडे पाहिलं. दोरी इतक्या मानांना घासून मऊ झाली होती. मग त्या खाली वाकल्या, आणि लिगायाचा हात पोचेल इतकी मान त्यांनी पुढे केली.

पडद्यावर निकालासाठी पाचही जणी ओळीने उभ्या राहिल्या. मारिवेलने खांद्यावरचा देशाच्या नावाचा पट्टा सरळ केला. मॅमनी गळ्यातली पाटी सरळ केली, आणि त्या ताठ बसल्या.