फिशटँकमधली लावणी

जयरामनं तिसरं घमेलं काचेच्या टाकीत ओतलं आणि हातानं चिखल सारखा केला. माती स्वतःच्या शेतातली, ढेकळं फोडून चाळलेली. भात जिच्यात कमरेएवढं येतं, तिच्यात माशांना काय धाड भरलीय, असा त्याचा सरळ विचार. मग दुकानातून आणलेली पाण्यातली रोपं त्यानं वीतभर अंतरानं ओळीत लावली, भाताचं आवण, म्हणजे उपटलेली रोपं, लावतात तशी. वरून पाणी सोडलं. पुढचे चार दिवस सापगावच्या त्या नव्या बंगल्यात येईल त्याला "आत मासे हायत" असं तोंडानं सांगावं लागलं.

मासेही साधेसुधे नव्हते. सिक्लिड, पिवळेजर्द, आफ्रिकेतल्या तळ्यातले. जयरामची लेक नम्रता, तिची सोयरीक भिवंडीकडच्या एका घरी जुळत आली होती आणि त्या घराच्या हॉलमध्ये असेच मासे होते. रविवारी ते लोक यायचे होते. सोयरीक तोलामोलाची, तर मासे नकोत का तोलामोलाचे!

चिखल गेला, वाळूचा घोळ सुरू झाला. जाड वाळूनं माशांची तोंडं खरवडली तर? बारीक वाळूत घाण कुजली तर? जयरामनं कल्याणच्या दुकानदाराला विचारलं, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, खर्डीच्या नथूलाही गाठलं. नथूचा माशांशी संबंध कापून विकण्यापुरताच होता, तरी त्यानंही मत दिलं. जयरामचा सगळ्यांना एकच प्रश्न, "पण माशांना मानवल का?" शेवटी बारीक पांढरी वाळू पडली आणि रोपांची दुसरी लावणी झाली. माशांनी ती तासाभरात उपटून टाकली. जयरामनं पुन्हा लावली, माशांनी पुन्हा उपटली.

नम्रता मुरबाडला माती तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. शेतकरी पिशवीतून माती घेऊन तिच्याकडे येत आणि आमच्या जमिनीला काय मानवेल म्हणून विचारत. पण पिकतं तिथं विकत नाही. घरी तिला कुणी काही विचारलं नव्हतं, वाळूचंही नाही आणि सोयरिकीचंही नाही.

"बाबा, ते मासे वाळू उकरणारच. त्यांना दगड ठेवा, झाडं नको," ती एकदा आपणहून म्हणाली.

"तू नको शिकवू गो. जा, कप काढून ठेव."

रविवारी मुलाला घेऊन पाहुणे आले. मुलाची आई गीताबाई टाकीसमोरच बसली. पोहे चांगले झालेत म्हणाली आणि मुद्द्यावर आली.

"नोकरी तेवढी सोडायला लागंल. आमच्यात सुना कामाला जात नाय. पोरगी म्हंजे आवण, जयरामभाऊ. इथनं उपटायचं नि तिथं लावायचं."

"बरोबर हाय," जयराम म्हणाला. "लावाल तिथं रुजल."

तेवढ्यात एका पिवळ्या माशानं रोपाच्या बुडाशी तोंड घातलं, वाळू बाजूला थुंकली आणि रोप मुळासकट उपटून सोडून दिलं. ते सगळ्यांदेखत वर येऊन तरंगायला लागलं. जयराम ओशाळला.

गीताबाई हसली. "खरी झाडा कशाला लावलीत? आमी पलास्टिकची लावलीत. वर दगड ठेवला का जागची हलत नाय."

जयराम हसायला गेला, पण त्याला हसू आलं नाही. तो तरंगणाऱ्या रोपाकडे बघत राहिला. पंधरा दिवस तो माशांसाठी दारोदार विचारत फिरला होता. त्याला लाज वाटली, पाहुण्यांची नव्हे, स्वतःचीच. त्यानं मान वळवून लेकीकडे पाहिलं.

"नम्रता, तुला मानवल का गो?"

नम्रतानं मुलाकडे पाहिलं. मुलानं आईकडे पाहिलं.

नम्रतानं हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला.

"माती तपासली, बाबा," ती म्हणाली. "नाय मानवायची."