चार मिनिटांत हवा

"फुगतंय! आयला, खरंच फुगतंय!" नाथा ओरडला आणि स्वतःच्याच जीपभोवती एक चक्कर मारून आला.

पेठ नाक्यावरच्या गॅरेजसमोर त्याची मिलिटरीच्या लिलावातली पेट्रोल जीप तीनच सिलिंडरवर थडथडत उभी होती. चौथ्याचा प्लग काढून जयराम मिस्त्रीने तिथे पोकळ केलेला जुना प्लग बसवला होता. त्यातून निघालेली रबरी नळी पुढच्या चाकाला लावली होती. इंजिनच टायरात हवा भरत होतं. सगळा माल भंगारातला, आणि चार मिनिटांत टायर टणक.

पेठ रस्त्यावरच्या बारा जीपवाल्यांनी नाथाला हा पंप पारखायला पाठवलं होतं. त्याने हो म्हटलं की बारा पंपांचं काम पक्कं. आठ महिने या एका नळीपायी जयरामने घरच्यांची बोलणी खाल्ली होती.

"लय भारी, मिस्त्री! आता घाटात कुणाची वाट बघाया नको."

इंजिन बंद करून जयरामने ऐटीत नळी काढली. फुस्सकन सुटलेली हवा डबा घेऊन आलेल्या चांगुणाच्या तोंडावर आली. चांगुणा त्याची बायको. मनातलं मनात ठेवणं तिला कधी जमलंच नाही.

"अगंबाई, हवेला पेट्रोलचा वास येतोय की!"

नाथा हसला. "वहिनी, गाडी पेट्रोलची हाय. दुधाचा येनार का?"

जयराम हसला नाही. त्याने व्हॉल्व्हची पिन दाबून हवा तळहातावर घेतली, हुंगली. इंजिन नुसती हवा ओढत नाही, सोबत पेट्रोलही ओढतं. रोज इंजिनं उघडणाऱ्या माणसाला एवढं सुचू नये, याची त्याला लाज वाटली.

नाथाने कानामागची बिडी काढून ओठात धरली. जयरामने त्याच्या हातातली काडेपेटी हिसकावून घेतली.

"येड लागलं का, मिस्त्री?"

"टायरात पेट्रोलची वाफ भरलीय, नाथाभाऊ. ठिणगी पडली तर चाक माणसासकट उडंल."

"आजवर कुठं उडलंय? आन् घाटात वास कोन घेत बसतंय? मी बोलत नाय कुठं. द्या बारा."

जयरामने चांगुणाकडे पाहिलं. ती खाली मान घालून डब्याची कडी चाळवत होती. मग तो चाकापाशी उकिडवा बसला आणि त्याने पिन काढून टाकली. हवा बराच वेळ सुटत राहिली. जीप एका अंगाला बसली.

"आता बाकीच्यांना काय सांगू?" नाथाने विचारलं.

"सांगा, जयरामला जमलं नाही."

चांगुणाने डबा फळीवर ठेवला, पदर खोचला आणि गॅरेजच्या कोपऱ्यातून हातपंप ओढत आणला.

"तुम्ही पिन बसवा," ती म्हणाली. "हवा मी मारते."