सातवी चौकट

प्राध्यापक बोलायचा थांबला, तेव्हा वकिलाला आधी वाटलं, आपण जिंकलो.

टीव्हीवरची संध्याकाळची चर्चा ऐन रंगात आली होती. पडद्यावर निवेदिका धरून आठ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीतला माणूस आपापल्या घरी पंख्याखाली बसून शेजारच्या देशावर चाल करून जात होता. खाली पट्टी सरकत होती : युद्ध आज की उद्या? नकोच म्हणणाऱ्याची सोय पट्टीत नव्हती, पण चर्चेला कोणीतरी झोडपायला लागतं, म्हणून तसा एक माणूस सातव्या चौकटीत बसवला होता. तो प्राध्यापक.

"उत्तर द्या सर!" निवेदिका कडाडली. "देश विचारतोय!"

प्राध्यापकाने तोंड उघडलं. आतून काही आलं नाही.

"बघा! बोलती बंद!" निवृत्त जनरलसाहेबांनी टेबलावर मूठ आपटली. पट्टी लगेच बदलली : प्राध्यापक निरुत्तर.

वकील आठव्या चौकटीत होता. हा युद्धाच्या बाजूचा. गेली कित्येक वर्षं हे दोघं पडद्यावर एकमेकांची सालटी काढत आले होते. वकिलाने त्याला देशद्रोही म्हटलं होतं, त्याने वकिलाला भाड्याचा भोंगा. समोरासमोर भेट अशी कधी झालीच नव्हती. पण इतक्या वर्षांत हा माणूस गप्प बसलेला वकिलाने एकदाही पाहिला नव्हता. निवेदिकेने आवाज बंद केला तरी त्याचे ओठ आपले चालूच असायचे.

वकिलाने चष्मा सावरून लॅपटॉपला जवळजवळ नाक लावलं. प्राध्यापकाने उजव्या हाताने छातीवरचा सदरा मुठीत धरला होता. कपाळ चकाकत होतं.

"थांबा, थांबा! त्यांना बरं वाटत नाहीये!" वकील ओरडला.

पण ओरडत तर सगळेच होते. निवेदिकेला एवढंच समजलं, की वकिलाचा आवाज चढलाय, म्हणजे सगळं सुरळीत आहे. "तुमच्याकडे येणार आहे मी, वकीलसाहेब," असं म्हणून तिने त्याचा आवाज बंद करून टाकला.

वकिलाने प्राध्यापकाला फोन लावला. सातव्या चौकटीत, टेबलावर, चर्चेच्या नियमाप्रमाणे मुका केलेला फोन उजळला. प्राध्यापकाने त्याच्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं. घरातला दुसरा कोणाचा नंबर वकिलाकडे नव्हता. भांडायला एक पुरत होता.

मग त्याला एका ब्रेकमधली प्राध्यापकाची कुरकुर आठवली. "आमची ही बाहेरच्या खोलीत टीव्ही लावून बसते हो, आणि तोही आवाज बंद करून. म्हणते, तुमचे हातवारे पाहिले तरी पोट भरतं."

वकिलाने आपल्या मुद्द्यांचा कागद उलटा केला आणि जाड पेनाने लिहिलं : वहिनी, सरांच्या खोलीत जा. आत्ता. कागद कॅमेऱ्यासमोर धरला. आपल्याच चौकटीत त्याला अक्षरं उलटी दिसली. लोकांना सुलटी दिसतात, हे त्याला माहीत होतं. पण चौकट काडेपेटीएवढी. वाचणार कोण?

वकील या धंद्यात मुरलेला होता. कोणती चौकट मोठी करतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो ताडकन उठला, पाण्याचा ग्लास उचलला आणि स्वतःच्याच डोक्यावर उपडा केला.

क्षणात घरोघरचे पडदे वकिलाने भरून गेले.

"वकीलसाहेबांचा संताप अनावर!" निवेदिकेचा आनंद गगनात मावेना. निथळत्या वकिलाने दोन्ही हातांनी कागद धरला. अक्षरं ओघळायला लागली होती.

"'वहिनी, सरांच्या खोलीत...' हे काय आहे?"

"सांकेतिक संदेश," जनरलसाहेब गंभीरपणे म्हणाले. "मी ओळखतो."

वकिलाच्या लॅपटॉपवर मात्र सातवी चौकट जागेवर होती. प्राध्यापकाच्या पाठीमागचं दार बंदच. बाई स्वयंपाकघरात गेली असेल तर? चॅनेल बदललं असेल तर? शहाणं माणूस हा तमाशा इतका वेळ बघत बसेल कशाला? प्राध्यापकाची मान हळूहळू एका बाजूला कलत होती. वकिलाचे हात भरून आले, पण त्याने कागद खाली घेतला नाही.

दार उघडलं.

बाईच्या हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल होता. ती किंचाळली नाही. तिने खुर्ची आपल्याकडे वळवली, नवऱ्याच्या गळ्याचं बटण सोडलं आणि दाराकडे तोंड करून कोणाला तरी हाक मारली. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले, पाठोपाठ आणखी एक शेजारी. दोघांनी प्राध्यापकाला उचललं. जाता जाता बाई लॅपटॉपवर वाकली.

"नाडी लागतेय, भावजी. नेतोय आम्ही."

वकिलाने कागद खाली ठेवला. खालची पट्टी बदलली होती : प्राध्यापकांचा चर्चेतून काढता पाय.

"आपल्या सगळ्यांच्या सदिच्छा सरांबरोबर आहेत," निवेदिका आवाज खाली आणून म्हणाली, आणि लगेच तो पुन्हा जागेवर नेला. "वकीलसाहेब, तुमचा आवाज सुरू केलाय. उरलेला सगळा वेळ तुमचा. बोला, आता तुम्हाला अडवायला कोणी नाही!"

सातव्या चौकटीतली रिकामी खुर्ची अजून हळूहळू फिरत होती.

"तेच बघतोय," वकील म्हणाला.