कुमारचा ट्रे

कुमार परवापासून बेपत्ता होता. मार्गासनीच्या एसटी थांब्यावर फक्त त्याचा मोबाईल सापडला.

तो घेऊन त्याचे वडील कोंडिबा भोरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले. "पोरी, काय बी कर, पर ह्यो उघड. शेवटी कुणाशी बोलला, त्ये तरी कळंल."

कुमारची प्रयोगातली जोडीदार मैथिली काय करणार? मोबाईल कुमारच्याच अंगठ्याने उघडायचा.

विज्ञान स्पर्धेसाठी ती आणि कुमार जनुकं बदललेल्या जिवाणूंपासून ट्रेमध्ये चामडं वाढवत होते. सगळे ट्रे कुजले, एकट्या कुमारचा जगला. हातमोजे घाल म्हणून ती कितीदा ओरडली असेल, तरी तो रोज उघड्या अंगठ्याने चामड्याचा पापुद्रा दाबून बघायचा.

आज त्या पापुद्र्यावर बारीक रेषा उमटल्या होत्या. गोल गोल, एकात एक.

मैथिलीने मोबाईलची अंगठा लावायची बाजू हळूच त्यावर टेकवली.

मोबाईल उघडला.

कोंडिबांनी मोबाईलकडे पाहिलंसुद्धा नाही. ते ट्रेवर वाकले. "कुमार? बाळा, हितं हायेस व्हय?"

ट्रे जेमतेम दोन बोटं खोल होता.

पापुद्र्याला खालून अंगठ्याएवढा उंचवटा आला, आणि कुणीतरी जिवाच्या आकांताने दाबू लागलं.