जर्दाळूची काठी

तालंतने स्टुलावर चढून आपल्या अड्ड्याच्या भिंतीवरची बिलियर्डची काठी काढली, बाहीने धूळ पुसली आणि एसेनतूरच्या हातात दिली.

एसेनतूर ती घेऊन खिडकीपाशी गेला. जर्दाळूचं लाकूड. मुठीच्या टोकाला तापल्या लोखंडाने उठवलेली खूण होती: दोन शिंगं आणि खाली आडवी रेघ. त्याचे वडील घोड्यांच्या मांडीवर उठवायचे तीच.

"हीच," तो म्हणाला. बासष्ट वर्षांच्या त्या माणसाने काठी छातीशी धरली. "बाबांनी केलेली. माझी पहिली काठी."

"नक्की ना, आके?" थोरल्याला द्यायचा मान देत तालंतने विचारलं. "सरोवराकाठचं एक जुनं विश्रामगृह मोडलं, त्याच्या सामानात ही मला मिळाली. तुमची आहे असं मी म्हणत नाही हं. तुम्ही म्हणताय."

"बापाची खूण माणूस विसरतो होय रे?"

तालंतने पुढे वाद घातला नाही. काराकोलमधल्या एकूण एक बिलियर्डच्या अड्ड्यावर गेली दहा वर्षं एसेनतूर ही काठी शोधत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीनदा देशाचा विजेता झालेला माणूस, पण चषकांची गोष्ट काढली की जांभया द्यायचा. पहिल्या काठीचा विषय निघाला की मात्र चहा गार होईस्तोवर थांबायचा नाही. परसातलं जर्दाळूचं झाड वाऱ्याने पडलं. वडिलांनी त्यातला एक दांडा दोन हिवाळे चुलीमागे वाळवला आणि रंधा मारून काठी केली. ते सामुदायिक शेतीवर घोडे राखायचे. बिलियर्डचं टेबल त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. काठी जड झाली, वरच्या बाजूला जराशी वाकडीही. बाकीची पोरं विचारायची, "काय रे, घोडे हाकायला निघालास का?"

एसेनतूरला तेव्हा त्या काठीची लाज वाटायची. हे सांगताना तो नेहमी खाली बघायचा.

विसाव्या वर्षी राजधानीतली पहिली मोठी स्पर्धा आली. काराकोलच्या भागात काठ्या करणारे कारागीर एकच, साद्यर-आके. एसेनतूर त्यांच्याकडे जुनी काठी टाकून आला आणि महिन्याने नवी घेऊन गेला. काळ्या कातड्याच्या मुठीची, सरळसोट. पहिल्याच दिवशी ती हातात अशी बसली की पुढे चाळीस वर्षं त्याने दुसरी धरली नाही. जुनीचं काय झालं, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. त्याच हिवाळ्यात वडील गेले. मग विचारावंसं वाटू लागलं, पण कुठल्या तोंडाने विचारणार? साद्यर-आके दोन गल्ल्या पलीकडे राहत, तरी तो त्यांच्या दारावरून मान खाली घालून जाई.

"बदल्यात एकच द्या," तालंत म्हणाला. "नूरुझच्या सणाला माझ्याकडे स्पर्धा आहे. तुमची काळी काठी बक्षीस म्हणून ठेवू या. लोक पार सरहद्दीपलीकडच्या ओम्स्कपासून येतील."

एसेनतूरने एका रात्रीची मुदत मागितली.

घरी बायकोने, बुरुलने, त्याला चांगलंच झाडलं. "चाळीस वर्षं माझ्यापेक्षा तिलाच जास्त जवळ घेतलंस, आणि आता देऊन टाकतोस? म्हाताऱ्या, उद्या माझीही अदलाबदल करशील!"

"ती स्पर्धांची आहे, बुरुल. ही बाबांची."

बुरुलने त्याच्यापुढे लोण्याची वाटी सरकवली.

नूरुझच्या स्पर्धेत खरंच ओम्स्कचा एक पोरगा जिंकला. एसेनतूरने स्वतः दोन्ही हातांनी काळी काठी त्याला दिली. पोराने मुठीचा मुका घेतला आणि संध्याकाळच्या आत गाडीत बसून सरहद्दीकडे निघूनही गेला. एसेनतूरला तळहात उघडा पडल्यासारखा वाटला. सवय आहे, जाईल, असं त्याने मनाला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जर्दाळूची काठी घेऊन तो साद्यर-आकेंच्या दारात उभा राहिला. आता तोंड दाखवायला हरकत नव्हती.

नव्वदीचे आके अंगणात उन्हाला बसले होते. डोळे गेले होते, कान शाबूत होते.

"कोण, एसेनतूर? चाळीस वर्षांनी वाट चुकलास का रे?"

"आके, हिचं टोक बदलून हवंय. माझी पहिली काठी सापडली."

आकेंनी काठीवरून बोटं फिरवली, नख रोवून पाहिलं. "ही तुझ्या बापाची नाही."

"खूण चाचपून बघा की!"

"ही खूण आपल्या कुळातल्या प्रत्येक घोड्यावर आहे, पोरा. माझ्याही. हे लाकूड नरम आहे. तुझ्या बापाचं दगडासारखं होतं."

एसेनतूर पायरीवर बसला. "मग ती कुठंय? जाळलीत का? खरं सांगा, मी रागावणार नाही. टाकून मीच गेलो होतो."

"जाळीन कशाला? तसं मुरलेलं लाकूड मला जन्मात परत मिळालं नाही." म्हातारा खुशीत हसला. "तुझ्या काळ्या काठीची मूठ कशाची आहे वाटतं तुला? वाकडं तेवढं कापलं आणि बापाच्या खुणेसकट उरलेली सगळी आत बसवली. वर कातडं चढवलं, कारण दिसली असती तर तू हातात धरली नसतीस. तुझ्या बापाला दाखवली होती मी. रडला बिचारा, म्हणाला, पोराला सांगू नका, खेळू द्या. आता सांगायला हरकत नाही. जा, घेऊन ये तिला, कातडं सोलून देतो."